झिजण्यासाठीच बसवलेला तुकडा

यवतमाळ जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आधी शकुंतलेकडे वळते. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची रेल्वे, तिच्यामागची किलिक निक्सन ही विलायती पेढी, मँचेस्टरला जाणारा कापूस, १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले आणि १९९४ पर्यंत धूर सोडत राहिलेले इंजिन: गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ती पुष्कळांनी सांगितली आहे. पण ही रेल्वे जिल्ह्याच्या एका कडेने गेली. घाटंजी, केळापूर, झरी-जामणी, महागाव, उमरखेड या बाजूंच्या गावांतला कापूस, ज्वारी, लाकूड आणि माणसे त्या काळीही चाकांच्या गाडीतूनच हलत होती आणि आजही चाकांच्या गाडीतूनच हलतात. या गाडीचा इतिहास तिच्या रंगावरून किंवा वेगावरून वाचण्यापेक्षा तिच्या झिजणाऱ्या जागेवरून वाचावा, असे माझे म्हणणे आहे. ओझे वाहणाऱ्या प्रत्येक यंत्रात एक स्वस्त तुकडा असा ठेवलेला असतो की त्याने झिजावे आणि महागाचा भाग वाचवावा. बैलांच्या बंडीत तो चाकाच्या तुंब्यात होता, आजच्या पिकअपमध्ये तो पाट्याच्या टोकाला आहे. तुकडा बदलला, त्यापेक्षा मोठा बदल त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्यात झाला. पूर्वी हे लक्ष ठेवणे कुणाचे तरी ठरलेले काम होते. आज ते कुणाचेच नाही. जिल्ह्यातल्या गॅरेजांत खिळखिळ्या होऊन येणाऱ्या पिकअपचे मूळ मला खराब रस्त्याइतकेच या रिकाम्या जागेत दिसते.

आधी तुकडा नीट पाहू. पिकअपच्या मागच्या धुऱ्यावर दोन बाजूंना पोलादी पट्ट्यांचे जुडगे असते, त्यालाच मेकॅनिक पाटे म्हणतात. सगळ्यांत वरच्या, लांब पट्टीची दोन्ही टोके गोल गुंडाळलेली असतात. पुढचे टोक चासीला पिनेने पक्के जोडलेले असते. मागचे टोक मात्र शॅकल नावाच्या झुलत्या कडीतून जोडतात, कारण वजन पडले की पाटा सपाट होतो, म्हणजेच लांबतो, आणि त्याला सरकायला जागा लागते. पाट्याची दोन टोके आणि शॅकलचे वरचे टोक, अशा तीन जागी पिन आणि पोलाद यांच्यामध्ये बुश, म्हणजे रबर भरलेली छोटी नळी, बसवलेला असतो. तोच हा तुकडा. खड्डा आला की पाटा दबतो, टोक किंचित फिरते, आणि ते फिरणे बुश आपल्या अंगावर घेतो. रबर कडक होऊन चिरले की पिन आतल्या आत हेलकावे खाऊ लागते. खड्ड्यावर ‘खट्ट’ असा कोरडा आवाज येतो, गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढते, टायर एकाच बाजूने खाल्ला जातो. तरीही गाडी चालते, ओझे वाहते, आणि इथेच फसगत होते. आणखी काही महिन्यांत पिन पाट्याच्या टोकालाच खाऊ लागते आणि गोल भोक लांबट होते. मग बुश बदलून भागत नाही. वेल्डिंग, लेथ, नाहीतर नवा मुख्य पाटा, अशी पाळी येते.

चाकाची गाडी या मुलखात फार पुरातन काळापासून सर्रास होती, अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. शेतातली जड, कुरकुरणारी बंडी होती. लांब पल्ल्याचा व्यापार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चाले. वऱ्हाडचा कापूस बंजारा तांड्यांच्या बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरच्या बाजारापर्यंत जाई. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात आज जी तांड्यांची वस्ती दिसते, तिच्या पूर्वजांचा हा धंदा. लादलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पूल लागत नाही आणि झिजणारा सांधाही नसतो. झीज होते ती जनावराच्या पाठीची आणि खुरांची. हलक्या, मजबूत मालगाडीचा प्रश्न इंग्रज अधिकाऱ्यांना आधी पश्चिमेकडे भेडसावला. १८३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्याने सुधारित गाड्या बनवण्याचे काम सुरू केले, ते शेतकऱ्याला माल दूरच्या बाजारात नेता यावा म्हणूनच. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला आणि वाटेतल्या धामणगाव स्टेशनमुळे आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग एकाएकी समुद्राला जोडला गेला. यवतमाळहून धामणगावचे अंतर बैलांच्या एका-दोन दिवसांच्या चालीचे. रेल्वे आल्याने गाड्या संपतील असे वाटावे, पण घडले उलटे. स्टेशनपर्यंत माल पोचवायला गाड्याच हव्या होत्या. लोहमार्गाने तांड्यांचा धंदा बुडवला आणि बंडीचा वाढवला. बंडीबरोबर गावोगावी एक नवी नियमित कटकट आली: तुंबा, कणा आणि धाव यांची झीज.

या झिजेची व्यवस्था कशी होती, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बंडीचे चाक म्हणजे मधला लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचा लाकडी वेढा आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी ठोकून बसवत, म्हणजे कण्याने लाकूड खाऊ नये. ही नळी म्हणजे आजच्या अर्थाने बुशच. कणा आणि नळी यांच्यात वंगण लागे. एरंडीच्या किंवा तशाच जाड तेलाचे, चिंध्यांत मुरवलेले ते वंगण नळकांड्यात भरून बंडीखालीच टांगलेले असे. धाव चढवण्याचे काम तर पाहण्याजोगे. लोहाराने चाकापेक्षा किंचित लहान कडे करायचे, गोवऱ्यांच्या आगीत ते लाल करून फुगवायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायचे, लाकूड पेट घेण्याआधी घणाने बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते, आरे आपापल्या खाचांत करकचून बसतात, खिळा न ठोकता चाक एकजीव होते. आज मेकॅनिक प्रेसखाली बुश दाबून बसवतो तेव्हा तो हेच तत्त्व दुसऱ्या बाजूने वापरतो: आतला तुकडा भोकापेक्षा केसभर मोठा ठेवायचा आणि ताणावरच त्याला धरून ठेवायचे. विदर्भात लोहारकाम करणाऱ्यांना खाती म्हणत आणि सुतारकाम करणाऱ्यांना वाढई. रसेल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली काढलेल्या मोठ्या ग्रंथात ही नावे येतात. या कारागिरांचा मोबदला गावकीत मुख्यतः धान्याच्या रूपाने, औतांच्या हिशेबाने, वर्षाकाठी ठरलेला असे. नवी गाडी घडवायची तर वेगळे पैसे, पण दुरुस्ती ही त्या वर्षाच्या बलुत्यातच धरलेली.

या शेवटच्या वाक्यात माझा मुद्दा आहे. दुरुस्तीचे मोल आधीच चुकते झालेले असले की ती पुढे ढकलण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. शेतकऱ्याला तुंबा सैल झालेला दाखवायला खिशात हात घालावा लागत नाही. खात्यालाही छोटे काम आज केलेले परवडते, कारण चाक पूर्ण मोडले तर तेच काम त्याच धान्यात चौपट होऊन त्याच्याच अंगावर पडणार. आजच्या गॅरेजात गणित नेमके उलटे आहे. पैसे मोडतोडीचे मिळतात, तपासणीचे नाही.

यावर पहिला आक्षेप हा की मी जुन्या गावगाड्याला सोन्याचा मुलामा देतो आहे. आक्षेप वजनदार आहे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तो काही बलुतेदारीची आरती ओवाळायला नाही. कारूंचे काम वेळेवर होत नाही, कुणब्याला त्यांची मनधरणी करावी लागते, कामचुकारपणाला वतनाचे संरक्षण मिळते, अशी त्यांची खरमरीत तक्रार आहे. (ती पश्चिम महाराष्ट्राच्या अनुभवावर उभी आहे, पण वऱ्हाडातले खाती त्याहून देवमाणूस होते असे मानायला काही कारण नाही.) शिवाय ही व्यवस्था जातीने बांधलेली होती. खात्याच्या मुलाला दुसरे काही होण्याची मुभा नव्हती आणि सुगीत काय पदरात पडेल ते पाटलाच्या मर्जीवर होते. ती व्यवस्था परत यावी असे मी चुकूनही सुचवत नाही. मी तिचा फक्त एक गुण वेगळा काढून पाहतो आहे. तिच्यात झिजणाऱ्या सांध्याला एक नेमलेला डोळा होता. काम उशिरा होई, कुरकुरत होई, पण ते कुणाचे याबद्दल वाद नसे. व्यवस्था मोडली, ती मोडायलाच हवी होती. तिच्याबरोबर गेलेल्या या एका गोष्टीची भरपाई मात्र कुणी केली नाही.

मधला दुवा कोणता? गावचा खाती उठून गॅरेजवाला झाला, अशी सरळ वंशावळ मांडण्याचा मोह होतो, पण ती टिकत नाही. यवतमाळ, पांढरकवडा, वणी, दिग्रस अशा गावांत सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले, तेव्हा यंत्राच्या दुरुस्तीचे नवे शिक्षण तिथे सुरू झाले असावे. जिनांची ओळ एका लांब शाफ्टवर चाले, आणि तो शाफ्ट फिरे पितळी बुशांत. हंगाम जेमतेम चार-सहा महिन्यांचा, त्यात शाफ्ट अडकला तर कापसाचे ढीग अंगणात पडून राहणार. त्यामुळे जिनाचा फिटर हंगामाआधी प्रत्येक बुश उघडून पाही. खात्याच्या डोळ्याची जागा काही काळ फिटरने घेतली, पण कारखान्याच्या कुंपणाआत. बाहेर, रस्त्यावर, १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी जोडलेल्या विलीज जीप दिसू लागल्या. त्या जीपच्या पाट्यांचे शॅकल आटे पाडलेल्या लोखंडी बुशांत फिरत, काहींचे आटे तर उलटे असत, आणि प्रत्येकाला ग्रीस भरण्याचे निप्पल होते. ते निप्पल म्हणजे टांगलेल्या नळकांड्याचाच नवा अवतार. ठरावीक मैलांनी कुणीतरी गाडीखाली शिरून ग्रीसगन लावलीच पाहिजे. शिरणाऱ्याला सैल सांधा दिसणारच.

बंडीही दरम्यान बदलली. रबरी टायर आणि बेअरिंगची बंडी आली, धाव गेली, धावेबरोबर खात्याचे निम्मे काम गेले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात देशभरच्या बैलगाड्यांचा अभ्यास केला, तेव्हाही त्यांची संख्या कोटीच्या घरात होती आणि बैलगाडीची सुधारणा हा राष्ट्रीय प्रश्न आहे असे ते कळकळीने सांगत होते. याच दशकात, १९७२ पासून, राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. संकलन केंद्रांबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. मग मेटॅडोर, १९८६ साली आलेली टाटा ४०७, आणि या शतकात बोलेरो पिकअप. २००५ साली टाटा एस आली, तिचे ‘छोटा हत्ती’ हे नाव लोकांनी ठेवले की जाहिरातीने, हे आता सांगवत नाही इतके ते रुळले. आठ-दहा क्विंटल ओढणाऱ्या बैलजोडीच्या जागी दीड टनाच्या आसपास माल उचलणारी गाडी आली आणि ती दिवसात दोन-तीन खेपा करू लागली. या गाड्यांच्या पाट्यांत बहुधा रबरी बुश आले.

रबरी बुशाची कल्पना तशी जुनी, पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपातली. लिओन थिरी या बेल्जियन अभियंत्याने बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी आणि दोहोंच्या मध्ये जबरदस्त दाबून कोंबलेले रबर, अशी रचना केली. सायलेंटब्लॉक हे तिचे व्यापारी नाव आज सर्वत्र मेकॅनिकच्या तोंडी आहे. इथे लोखंड लोखंडावर घासतच नाही. रबर पीळ खाते आणि पुन्हा जागेवर येते. वंगण नको, निप्पल नको, आवाज नाही. प्रगतीच ही, तिला नावे ठेवणे खुळेपणाचे. पण यवतमाळात ती एका जुन्या सवयीच्या गावी येऊन पडली. फिरणाऱ्या प्रत्येक सांध्याला तेल द्यावे, ही बंडीच्या काळापासूनची शहाणी रीत. म्हणून वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की खालून डिझेल किंवा जळालेले ऑइल मारून घेण्याची पद्धत आजही आहे. पाटे चकचकीत दिसतात, गंज थांबतो, कुरकुर बंद होते. पण खनिज तेल नैसर्गिक रबराचे वैरी. रबर ते पिते, फुगते, मऊ पडते आणि पोलादापासून सुटते. तुंब्याला जे औषध होते तेच बुशाला विष ठरते. जाणता मेकॅनिक रबरी बुश बसवताना साबणाचे पाणी लावतो, ग्रीसला हात लावत नाही. तोच मेकॅनिक आणखी एक पथ्य पाळतो: गाडी जॅकवर लटकलेली असताना पिनेचा नट पुरता आवळायचा नाही. आधी चाके जमिनीवर, पाट्यावर गाडीचे वजन, मग शेवटचा आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, रस्त्यावर उतरताच दुप्पट पीळ खाते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत चिरतो. घाईच्या ठिकाणी हे पथ्य मोडले जाते, आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. बुश जातात ते खड्ड्यांमुळे, यात इतिहास आणायचे काय कारण? जिल्ह्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी थर दोन-चार पावसाळ्यांत लाटा धरतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. वणीकडच्या कोळशाच्या जड ट्रकांनी काय होते, तेही दिसते. पण नुसता रस्ता हे उत्तर असते, तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यानंतर आणि नागपूर-यवतमाळ-नांदेड मार्ग रुंद झाल्यानंतर हा त्रास ओसरायला हवा होता. चांगल्या रस्त्याने दुसरेच केले. वेग वाढवला, ओझे वाढवले आणि विसाव्याचे दिवस काढून घेतले. बंडी पावसाळ्यात जवळजवळ उभीच असे, चिखलात तिचे चाक फिरतच नसे. पिकअप बारा महिने फिरते: आषाढात खत-बियाणे, आश्विनात सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, आठवडी बाजाराला बकऱ्या आणि भाजी. आणि शेवटचा कोसभर रस्ता अजूनही पांदणीचाच. तिथे एक चाक चाकोरीत आणि एक शेताच्या बांधावर अशी गाडी तिरपी होते, तेव्हा बुशाला नेहमीच्या फिरण्यापलीकडे आडवा ताण सोसावा लागतो. म्हणजे रस्ता हे झिजेचे कारण आहेच, मी ते नाकारत नाही. झीज आणि नुकसान यांच्यातले अंतर मात्र रस्ता ठरवत नाही. बुशाने झिजावेच, त्यासाठीच तो आहे. पाट्याचे टोक खाल्ले जाणे हे नुकसान, आणि ते होते बुश वेळेवर न काढल्यामुळे.

तो वेळेवर का निघत नाही? शेतकऱ्याकडे पैसे नसतात, हे सोपे उत्तर. पण बुश ही गाडीतल्या स्वस्तातल्या वस्तूंपैकी एक, मजुरीच त्याहून जास्त. जुना बुश निघता निघत नाही: गंजून बसलेला असतो, गॅसच्या ज्योतीने रबर जाळावे लागते, बाहेरची नळी हॅकसॉच्या पात्याने आतून चिरून मग घणाखाली बाहेर काढावी लागते. गाडी अर्धा-एक दिवस उभी राहते. हंगामात उभी राहिलेली गाडी म्हणजे बुडालेली खेप, आणि कर्जाचा हप्ता खेपेसाठी थांबत नाही. शिवाय चालवणारा बऱ्याचदा मालक नसतो. आवाज ऐकतो ड्रायव्हर, पैसे देतो मालक. बंडीत हे दोघे एकच होते आणि तो स्वतः जुवाजवळ बसून चाकाची कुरकुर दिवसभर ऐकत असे. पिकअपच्या बंद केबिनमध्ये गाणी चालू असतात. रबर तर जात्याच अबोल, निम्मे चिरेपर्यंत ते बोलतच नाही.

कुणी म्हणेल, आता सरकारचा डोळा आहे ना. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते, पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. पण या तपासणीची तारीख ठरते गाडीच्या नोंदणीवरून, तर बुशाची झीज चालते पावसाच्या आणि कापसाच्या पंचांगावर. खाती पेरणीआधी वखर-नांगर पाही आणि सुगीआधी बंडी, जिनाचा फिटर हंगाम लागण्याआधी शाफ्ट उघडी. पिकअपची वेळ त्या हिशेबाने पोळ्यानंतर आणि दसऱ्याआधी येते, जेव्हा पावसाळ्याचे खड्डे खाऊन झालेले असतात आणि कापसाचे ओझे अजून पडायचे असते. एमएच २९ क्रमांकाची गाडी फाल्गुनात नोंदलेली असेल, तर ती तपासनीसासमोर उभी राहते फाल्गुनात: कापूस वाहून झाल्यावर, आणि धुऊन, खालून डिझेल मारून.